शाळेतल्या मुलांना मोबाईलवर फिल्म बनवायला शिकवायचंय? पार्ट-टाईम मेंटॉरसाठी सोप्या भाषेत संपूर्ण माहिती

आज घराघरात व्हिडिओ कॅमेरा आहे. दिवसभर तो बाबांच्या खिशात असतो आणि संध्याकाळी बाबा घरी आले की मुलांच्या हातात. मुलं रील बघतात, रील बनवतातही. पण त्याच कॅमेऱ्याने एखादी गोष्ट नीट कशी सांगायची, हे त्यांना शाळेत कुणी शिकवत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. आठवडाभर कोड लिहितो आणि शनिवारी मुक्ताईनगर परिसरातल्या शाळकरी मुलांना फिल्म बनवायला मदत करतो. "मलाही आमच्या गावच्या शाळेत हे करायचंय, पण सुरुवात कशी करू?" असं बरेच मित्र विचारतात. त्यांच्यासाठी हा लेख. यात कॅमेऱ्याची सेटिंग, आवाज, एडिटिंग, कायदा आणि मुलांची सुरक्षा असं सगळं पायरीपायरीने समजून घेऊ. महागडं सामान लागत नाही, फिल्म स्कूलची डिग्रीही लागत नाही. चला तर मग!

मेंटॉर नक्की काय करतो?

शिक्षक धडा शिकवतो. दिग्दर्शक स्वतःची फिल्म बनवतो. मेंटॉर या दोन्हींपेक्षा वेगळा असतो. मुलं स्वतःची फिल्म बनवत असतात आणि तो बाजूला उभा राहून अडलेलं चाक मोकळं करून देतो.

यातून एक साधा नियम निघतो. कॅमेरा मुलांच्या हातात आणि माऊसही मुलांच्याच हातात. एडिटिंगच्या वेळी "आण इकडे, मी करून देतो" असं म्हणायचा मोह फार होतो. तो आवरला नाही तर फिल्म सुंदर होईल, पण ती तुमची होईल.

दुसरा नियम, कामं फिरती ठेवा. सहा मुलांचा एक गट करा. दिग्दर्शन, कॅमेरा, आवाज, अभिनय, नोंदी आणि सामान सांभाळणं अशी सहा कामं वाटून द्या आणि दर शनिवारी बदला. नाहीतर ज्याच्या वडिलांचा फोन त्याच्याच हातात कॅमेरा राहतो आणि मुली कायम नोंदींच्या वहीपाशी बसतात.

हे सगळं आपल्या भागात जुनंच आहे

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याआधी त्यांनी एक छोटीशी फिल्म केली होती. कुंडीत वाटाण्याचं बी लावलं, समोर कॅमेरा ठेवला आणि अंकुर वाढतो तसतशा थोड्याथोड्या वेळाने फ्रेम टिपल्या. ती चित्रपट्टी चालवल्यावर पडद्यावर रोप भराभर वर येताना दिसलं. पुढच्या चित्रपटासाठी पैसे लावणाऱ्यांची खात्री पटवायला त्यांना ही फिल्म उपयोगी पडली. आज आपण याला टाइमलॅप्स म्हणतो आणि तो फोनमध्ये एका बटणावर मिळतो.

दुसरं उदाहरण मालेगावचं. जिल्हा नाशिक असला तरी गाव खानदेशाच्या उंबरठ्यावर. यंत्रमागांच्या या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी दोस्तमंडळी जमवून २००० साली 'मालेगाव के शोले' बनवला. साधा व्हिडिओ कॅमेरा, स्थानिक कलाकार आणि ट्रॉलीच्या जागी सायकल. पुढे फैजा अहमद खान यांनी या मंडळींवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' चित्रपटगृहात लागला.

आज मुलांच्या हातात जो फोन आहे, त्याचं चित्र त्या काळच्या व्हिडिओ कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ येतं. त्यामुळे "सामान नाही म्हणून जमत नाही" ही सबब आता चालत नाही.

सामान किती लागतं?

• एक जुना स्मार्टफोन. घरात कपाटात पडून असलेला, सिम नसलेला फोन सगळ्यात चांगला. काच तडकलेली असली तरी चालेल, लेन्स स्वच्छ हवी.
• आवाज रेकॉर्ड करायला दुसरा कुठलाही फोन.
• ट्रायपॉड. नसेल तर बाकावर पुस्तकांचा गठ्ठा आणि त्याला टेकवलेला फोन.
• पांढरा थर्माकोल किंवा पांढरा कार्डशीट. चेहऱ्यावर उजेड परतवायला.
• शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधलं एक मशीन आणि एक हार्ड डिस्क.

पालकांचा चालू फोन वापरणार असाल तर शूटिंगच्या वेळी एअरप्लेन मोड लावा. शॉट रंगात आलेला असताना केळीचा भाव विचारायला व्यापाऱ्याचा फोन येतोच! आणि त्या फोनमध्ये बँकेचे मेसेज असतात, घरचे खासगी फोटो असतात. सहा मुलांच्या हातात तो फोन फिरणं बरं नाही. म्हणूनच सिम नसलेला जुना फोन रिसेट करून 'वर्गाचा कॅमेरा' म्हणून ठेवणं उत्तम.

कॅमेऱ्याच्या चार सेटिंग

१) रिझोल्यूशन. १०८०पी पुरेसं आहे. हिशोब करून पाहू. १०८०पी व्हिडिओचा बिटरेट साधारण १७ मेगाबिट प्रति सेकंद धरा. १७ गुणिले ६० भागिले ८, म्हणजे मिनिटाला सुमारे १३० एमबी. एका गटाने २० मिनिटं शूट केलं तर २.६ जीबी. चार गट मिळून साडेदहा जीबीच्या आत. ३२ जीबीच्या कार्डावर आरामात बसतं. फोर-के लावलं तर हाच आकडा अडीच-तीन पट होतो आणि लॅबचं जुनं मशीन मान टाकतं.

२) फ्रेमरेट आणि शटर. वर्गात ट्यूबलाईटखाली शूट केल्यावर व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. मुलांना वाटतं फोन खराब आहे. फोन ठीक असतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर एका सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागाइतकं ठेवलं की प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो आणि पट्टे जातात. फोनच्या कॅमेऱ्यात शटर बदलता येत नसेल तर 'अँटी-फ्लिकर' किंवा 'अँटी-बँडिंग' अशी सेटिंग आहे का पाहा आणि ती ५० हर्ट्झवर ठेवा. अँड्रॉइडवर 'ओपन कॅमेरा' हे मोफत, ओपन सोर्स ॲप यासाठी चांगलं आहे.

३) एक्स्पोजर लॉक. ऑटो मोडमध्ये कुणी पांढरा शर्ट घालून समोरून गेलं की अख्खं चित्र अंधारतं. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात. शॉट सुरू करण्याआधी हे करायचंच, ही सवय लावा.

४) कोडेक. नवे फोन जागा वाचवायला एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५ प्रकारात व्हिडिओ साठवतात. जुन्या मशीनवर तो अडकतअडकत चालतो. सेटिंगमध्ये एच.२६४ किंवा 'मोस्ट कॉम्पॅटिबल' निवडा.

आणि एक अस्सल खानदेशी सूचना! आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो. ॲपल कंपनी आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगते, आणि बाकीचे फोनही उन्हात तापून रेकॉर्डिंग मध्येच बंद करतात. त्यामुळे बाहेरचं शूटिंग हिवाळ्यात ठेवा. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत आटपा आणि दोन शॉटच्या मध्ये फोन सावलीत ठेवा.

पहिला सराव: भरीत, पाच शॉटमध्ये

मुलं सुरुवातीला काय करतात? एकाच जागी उभं राहून पाच मिनिटं कॅमेरा इकडून तिकडे फिरवतात. त्यावर पाच शॉटचा सराव हा उपाय. एखादी व्यक्ती काहीतरी काम करतेय आणि ते काम आपल्याला पाच शॉटमध्ये दाखवायचंय. आपल्याकडे हिवाळ्यात भरताच्या पार्ट्या होतात, तर भरीतच घेऊ:

१) हात. वांग्याला तेलाचा हात लावणारे हात, अगदी जवळून.
२) चेहरा. धुराने डोळे बारीक केलेली आजी.
३) दोन्ही मिळून. आजी, शेकोटी, मागे शेत.
४) खांद्यामागून. आजीला जे दिसतं ते.
५) वेगळा कोन. जमिनीलगत कॅमेरा ठेवून, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळामधून.

प्रत्येक शॉट दहा सेकंद. कॅमेरा हलवायचा नाही, झूम करायचं नाही. हे पाच शॉट एकापुढे एक ठेवले की मुलांना पहिल्यांदा कळतं की फिल्म म्हणजे सलग बघणं नाही. काय दाखवायचं आणि किती वेळ, ते ठरवावं लागतं.

दुसरा सराव फाळक्यांचा. मटकीला मोड येतानाचा टाइमलॅप्स. दहा सेकंदांची फिल्म हवी, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५० फोटो. मोड यायला दोन दिवस धरले तर २,८८० मिनिटं. भागिले २५०, म्हणजे साधारण साडेअकरा मिनिटांनी एक फोटो. फोन चार्जरला लावलेला, खोलीची खिडकी बंद, एकच दिवा कायम चालू. खिडकी उघडी राहिली तर दिवस-रात्रीच्या उजेडाने चित्र लुकलुकतं. गणिताच्या तासाला 'याचा उपयोग काय' असं विचारणारी मुलं इथे स्वतः भागाकार करायला बसतात.

आवाज: इथेच बहुतेक फिल्म पडतात

चित्र थोडं हललं तरी प्रेक्षक सांभाळून घेतात. संवाद ऐकू आला नाही तर ते उठून जातात.

यामागचं विज्ञान सोपं आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता चौपटीने कमी होते. फोन तीन मीटरवरून तीस सेंटिमीटरवर आणला, म्हणजे अंतर दहापट कमी केलं, तर तीव्रता शंभरपट वाढते. कुठल्याही ॲपने हे साधत नाही. म्हणून दुसरा फोन बोलणाऱ्याच्या शर्टाच्या खिशात, रेकॉर्डर चालू करून ठेवायचा.

आता चित्र एका फोनवर आणि आवाज दुसऱ्यावर. जुळवायचं कसं? शॉट सुरू होताना कॅमेऱ्यासमोर एक जोरदार टाळी वाजवायची. चित्रात दोन तळवे भेटतात ती फ्रेम सापडते आणि आवाजाच्या आलेखात त्याच क्षणी एक उंच टोक दिसतं. दोन्ही एकाखाली एक ठेवले की काम झालं. सिनेमातली क्लॅप नावाची पाटी याचसाठी असते, हे कळल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आणखी तीन गोष्टी. शॉट चालू असताना पंखा बंद, पण फक्त तेवढ्यापुरता, नाहीतर वर्ग शिजून निघेल. फरशी आणि पत्र्याच्या वर्गात आवाज घुमतो, तिथे खाली सतरंज्या अंथरा. शेतात वाऱ्याची फरफर येते, तिथे माइकवर जाड सुती मोजा चढवा.

एवढं सगळं नको वाटत असेल तर पहिली फिल्म संवादाशिवाय करा. सत्यजित राय यांनी १९६४ साली 'टू' नावाची छोटी फिल्म केली. दोन मुलं, मध्ये एक खिडकी, एक श्रीमंत आणि एक गरीब. संवाद एकही नाही. मुलांना ती दाखवा आणि विचारा, "कोण काय बोललं?" सगळं सांगतील!

एडिटिंग: जुन्या मशीनवर कसं जमवायचं?

लॅबमधल्या मशीनवर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह टाका. दोन्ही मोफत आणि ओपन सोर्स, विंडोज आणि लिनक्सवर चालतात. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती फार ताकदीची आहे, पण तिला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं.

मशीन अडकत असेल तर 'प्रॉक्सी' चालू करा. प्रॉक्सी म्हणजे मूळ व्हिडिओची लहान, हलकी प्रत. घराच्या नकाशावर भिंत इकडची तिकडे करायला गवंडी लागत नाही, तसंच. कापाकापी हलक्या प्रतीवर होते आणि शेवटी फिल्म बाहेर काढताना सॉफ्टवेअर आपोआप मूळ व्हिडिओ वापरतं.

नेहमी येणारी अडचण अशी की सुरुवातीला जुळलेला आवाज पुढे जाऊन ओठांशी जुळत नाही. कारण फोन दर सेकंदाला नेमक्या तेवढ्याच फ्रेम घेत नाही. उजेड कमी झाला की फ्रेम कमी करतो. याला व्हेरिएबल फ्रेमरेट म्हणतात. शॉटकट अशी फाइल ओळखून ती एडिटिंगला सोयीची करून घ्यायची का, असं विचारतं. 'हो' म्हणा. नाहीतर हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून फाइल बदलून घ्या.

फाइल इकडून तिकडे नेताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून बारीक होतो आणि चित्र बिघडतं, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. आणि पेनड्राइव्ह फॅट३२ प्रकारचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर बसत नाही, पेनड्राइव्ह रिकामा असला तरी! स्नेहसंमेलनाचं सलग रेकॉर्डिंग कॉपी करताना हे हमखास होतं. पेनड्राइव्ह एक्स-फॅटमध्ये फॉरमॅट करा, पण आधी त्यातला डेटा काढून घ्या.

एडिटिंग खोटं कसं बोलतं?

माझ्या मते मुलांना फिल्म शिकवण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

साधारण शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. त्याच्यापुढे एकदा सूपची वाटी जोडली, एकदा शवपेटी, असं वेगवेगळं. चेहरा तोच, पण प्रेक्षकांना त्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. अर्थ एका शॉटमध्ये नव्हता. तो दोन शॉटच्या सांध्यात होता.

हे वर्गात करून बघा. एका मुलीचा साधा चेहरा शूट करा. पुढे एकदा भरीत-पुरीचं ताट जोडा, एकदा प्रगतिपुस्तक, एकदा शाळेचं बंद गेट. मग बाकीच्यांना विचारा, ती काय विचार करतेय?

यापुढचा सराव जास्त महत्त्वाचा आहे. सगळ्यांनी मिळून शाळेचे दहा शॉट घ्या. तेच दहा शॉट दोन गटांना द्या. एका गटाने 'आमची शाळा मस्त' अशी एक मिनिटाची फिल्म बनवायची, दुसऱ्याने 'आमची शाळा भकास'. नवा शॉट घ्यायचा नाही, फक्त क्रम, लांबी, संगीत आणि वरची पाटी बदलायची. दोन्ही फिल्म जमतात, आणि दोन्ही खऱ्या वाटतात.

आता हे आपल्या भागाशी जोडून बघा. कराचीतल्या एका संस्थेने बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी एक छोटी फिल्म केली होती. मोटरसायकलवरून दोघं येतात, रस्त्यावर खेळणारं मूल उचलतात आणि लगेच परत आणून सोडतात. मग हातात फलक धरून सांगतात की मूल हरवायला एक क्षण पुरतो, लक्ष ठेवा. कुणीतरी तिचा शेवट कापला. उरलं फक्त मूल पळवणं. तो तुकडा 'आपल्याकडे टोळी फिरतेय' अशा मजकुरासह भारतात व्हॉट्सॲपवर फिरला.

त्याच काळात, १ जुलै २०१८ रोजी, आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात मुलं पळवणारे आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले, भिक्षा मागून जगणारे लोक होते. मुलं पळवणारं कुणीही नव्हतं. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणायला सुरुवात केली.

मर्यादा आणणं कंपनीच्या हातात आहे. 'याचा शेवट कुठे आहे?' हा प्रश्न विचारणं आपल्या हातात आहे. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने शॉट कापून अर्थ उलटा केलाय, त्याला कुठलाही व्हिडिओ बघताना तीन गोष्टी सुचतात. याच्या आधी आणि नंतर काय होतं? हा आवाज याच चित्राचा आहे का? वर लिहिलेलं कुणी लिहिलं? आता एआयने बनवलेले व्हिडिओही आलेत, त्यामुळे हे प्रश्न आणखी गरजेचे झालेत. आणि हेच मूल घरी जाऊन बाबांच्या फोनवर आलेला फॉरवर्ड बघणार असतं.

भाषा शुद्ध करायला जाऊ नका

कॅमेरा सुरू झाला की मुलं एकदम पुस्तकी बोलायला लागतात आणि अभिनय लाकडी होतो. मुक्ताईनगर, रावेर, यावल पट्ट्यात घराघरात लेवा गणबोली, तावडी बोलतात, पश्चिमेकडे अहिराणी. फिल्ममधली आजी घरच्यासारखीच बोलू द्या. याच मातीतल्या, असोद्याच्या बहिणाबाईंची कविता घरच्या बोलीत होती आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाल्यावर अख्ख्या महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली.

बाहेरच्यांना कळावं म्हणून खाली सबटायटल द्या. बोलून टाइप करणारी ॲप्स बोलीभाषेत अडखळतात, त्यामुळे मुलांनाच हाताने लिहू द्या. एसआरटी फाइल म्हणजे साधी टेक्स्ट फाइल असते. क्रमांक, वेळ, वाक्य, मग एक ओळ मोकळी. फक्त सेव्ह करताना 'यूटीएफ-८' निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात.

मुलांची सुरक्षा: इथे तडजोड नाही

• पालकांची लेखी परवानगी तीन टप्प्यांत घ्या. वर्गात दाखवणं, शाळेच्या कार्यक्रमात दाखवणं आणि इंटरनेटवर टाकणं. एकाला 'हो' म्हणजे तिन्हींना 'हो' नव्हे.
• २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण 'मूल' आहे आणि मुलांच्या डेटासाठी पालकांची संमती हा त्याचा पाया आहे. चेहरा, आवाज, नाव, शाळा हे सगळं जपून वापरा.
• कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. नाहीतर घर किंवा शाळा कुठे आहे हे फाइलमध्येच लिहिलं जातं.
• फोनमधला फोटोंचा ऑटो बॅकअप बंद करा. नाहीतर मुलांचे व्हिडिओ कुणाच्यातरी खासगी खात्यात जाऊन बसतात.
• सगळं फुटेज शाळेच्या हार्ड डिस्कवर. मेंटॉरच्या स्वतःच्या फोनमध्ये काहीही ठेवायचं नाही.
• मुलांशी वैयक्तिक चॅट नाही. निरोप शिक्षकांमार्फत किंवा पालकांच्या ग्रुपवर.
• सत्राला एक शिक्षक कायम हजर. शाळेने चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र मागितलं तर वाईट वाटून घेऊ नका. महाराष्ट्र पोलिसांकडे त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो.

गाण्यांचं काय?

मुलांना फिल्ममध्ये हिट गाणं हवंच असतं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शाळेच्या कार्यक्रमासाठी काही सवलती आहेत. प्रेक्षक शिक्षक, विद्यार्थी, पालक एवढेच असतील तर मोकळीक मिळते. पण तीच फिल्म यूट्यूबवर टाकली की प्रेक्षक जग झालं. शिवाय यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा गाण्याचा ठसा आपोआप जुळवते, तिला शाळा-बिळा कळत नाही. सोपा मार्ग म्हणजे मुलांनीच वाजवावं. ताट, डबा, टाळ, शिट्टी काहीही. चांगदेवला जाऊन तापी-पूर्णेच्या संगमावरचा पाण्याचा आवाज रेकॉर्ड करा. त्यावर कुणाचाही कॉपीराइट नाही!

आठ शनिवारांचं वेळापत्रक

आपल्याकडे बऱ्याच शाळा शनिवारी सकाळच्या असतात, त्यामुळे शाळा सुटल्यावरचे दोन तास मिळतात. मुलांनी घरून डबा आणलेला बरा.

पहिला शनिवार: 'टू' बघणं, गप्पा, गट पाडणं, परवानगीचे फॉर्म घरी देणं.
दुसरा: पाच शॉटचा सराव.
तिसरा: आवाज आणि टाळी.
चौथा: एडिटिंगची ओळख, मस्त शाळा-भकास शाळा.
पाचवा: गोष्ट ठरवणं. नियम असा की गोष्ट शाळेपासून एक किलोमीटरच्या आत घडली पाहिजे आणि एका पानात बसली पाहिजे.
सहावा: शूटिंग.
सातवा: एडिटिंग आणि सबटायटल.
आठवा: पालकांना बोलावून फिल्म दाखवणं.

आठवा शनिवार कधीही गाळू नका. प्रोजेक्टर, पांढरी भिंत आणि समोर सतरंजी एवढंच लागतं. आपल्या मुलीचं नाव 'कॅमेरा' या शब्दापुढे वाचताना आईला काय वाटतं, हे त्या दिवशी दिसतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मला स्वतःला फिल्म बनवता येत नाही. तरी जमेल?
तीन मिनिटांची एक फिल्म आधी स्वतः करा, वरची सगळी सेटिंग वापरून. तेवढ्यावर सुरुवात होते. पुढे शिकायचं असेल तर पुण्याच्या एफटीआयआयचे छोटे अभ्यासक्रम आहेत, त्यात स्मार्टफोनवरच्या फिल्ममेकिंगचेही झालेले आहेत.

मानधन मागावं का?
मागू शकता, विनामूल्यही करू शकता. पण तास, सत्रं, सामान कोणाचं आणि मानधन किती, हे मुख्याध्यापकांशी पत्रात लिहून ठरवा. 'बघू नंतर' वर काम सुरू करू नका.

पालक म्हणतात, मोबाईलपासून दूर ठेवायचं की हातात द्यायचा?
प्रश्न रास्त आहे. त्यांना एवढंच सांगा की दोन तासांच्या सत्रात एका मुलाच्या हातात फोन जेमतेम पंधरा-वीस मिनिटं असतो. बाकी वेळ ठरवणं, लिहिणं, भांडणं आणि परत ठरवणं यात जातो.

दहावीच्या मुलांना घ्यावं का?
परीक्षेच्या वर्षात नको. सातवी ते नववी हा चांगला वयोगट.

तर मित्रांनो, सुरुवात करायला फार काही लागत नाही. या आठवड्यात घरातला जुना फोन शोधा, रिसेट करा, लेन्स पुसा आणि एच.२६४, १०८०पी, ५० हर्ट्झ एवढी तीन सेटिंग लावून ठेवा. सोमवारी जवळच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा. माहिती उपयोगी वाटली तर हा लेख तुमच्या गावातल्या एखाद्या शिक्षकाला नक्की पाठवा.